नाव ठेवताना : एक दाखला आणि अनेक पिढ्या

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने बारसे होते, दुसऱ्याने निंदा. बाळाच्या नावावरून घराघरांत सध्या जे चालते त्यात दोन्ही क्रिया एकाच वेळी घडताना दिसतात. आई-वडील भ्रमणध्वनीवर याद्या चाळत असतात, आजी-आजोबा त्या नावांना नावे ठेवत असतात आणि आजोबांनी सुचवलेले नाव 'जुनाट' म्हणून बाजूला पडत असते. हा केवळ दोन पिढ्यांच्या आवडीनिवडीचा वाद आहे असे समजून आपण तो हसण्यावारी नेतो. परंतु गेल्या काही वर्षांत कायद्याच्या बाजूने एक बदल झाला आहे, आणि त्यामुळे बारशाच्या दिवशी घेतलेल्या निर्णयाचे वजन पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. म्हणून या विषयाकडे जरा गांभीर्याने पाहायला हवे.

जन्म व मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या केंद्रीय कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी जन्मदाखला हाच जन्माची तारीख आणि स्थळ सिद्ध करणारा एकमेव पुरावा ठरला. शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र, आधार क्रमांक या सर्वांचे मूळ आता त्या एका कागदात आहे. पूर्वी दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे असे चालून जात असे. प्रतिज्ञापत्र करून वेळ निभावता येई. नव्या पिढीला ती मोकळीक उरलेली नाही.

अनेक नावांचे एक माणूस

आपल्या परंपरेत माणसाला एकच नाव कधी नव्हते. नक्षत्राच्या चरणावरून येणारे नावरस नाव पत्रिकेत राही. आत्याने कानात सांगितलेले नाव पाळण्यातले. घरात हाक मारायचे ते वेगळेच. गोव्यात त्यावर 'बाब' आणि 'बाय' यांचा प्रेमळ शेला चढे. बाळकृष्ण भगवंत बोरकर हे छापील नाव. पण गोमंतकाने त्यांना 'बाकीबाब' म्हणूनच हाक मारली आणि आज दोन्ही नावे सारखीच अधिकृत वाटतात.

नाव आयुष्याच्या मध्यावर बदलण्याचीही रीत होती. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली दत्तक आलेला कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव झाला. मणिकर्णिका झाशीत लक्ष्मीबाई झाली. यमुना विवाहानंतर आनंदी झाली आणि पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून जगाने तिला ओळखले. ताटात तांदूळ पसरून त्यावर सुनेचे नवे नाव लिहिण्याचा प्रघात आपल्या आजीच्या पिढीपर्यंत सर्रास होता. त्यात स्त्रीची जुनी ओळख पुसली जात होती हे खरे आणि तो प्रघात मागे पडला हे चांगलेच झाले.

आणखी एक उदाहरण गोव्याचे आणि इंदूरचेही आहे. मंगेशी गावावरून मास्टर दीनानाथांनी 'मंगेशकर' हे आडनाव घेतले. त्यांच्या थोरल्या मुलीचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला आणि तिचे पहिले नाव हेमा होते. राम गणेश गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातील लतिका या पात्रावरून पुढे ती लता झाली. नाव आणि आडनाव दोन्ही अशी निवडून घेतलेली. ते नाव आपण आज परंपरेचा भाग मानतो. पण ज्या दिवशी ते ठेवले त्या दिवशी ते नवेच होते आणि रंगभूमीवरून आलेले होते.

तेव्हा 'परंपरेतले नाव' म्हणजे जुने, न बदलणारे नाव ही समजूत इतिहासाला धरून नाही. बदलले आहे ते एवढेच की पूर्वी चुकलेले नाव आयुष्य दुरुस्त करून घेत असे. आता दाखल्यावर चढलेले नाव सहसा उतरत नाही. जन्मनोंदणी कायद्यातील दुरुस्तीची तरतूद चुकीच्या नोंदीसाठी आहे, मन बदलल्यासाठी नाही. नाव खरोखर बदलायचे तर गोव्यात १९९० चा स्वतंत्र नाव-आडनाव बदल कायदा आहे. बाहेरून आलेल्यांनी गोमंतकीय आडनावे धारण करण्याच्या तक्रारींमुळे त्याच्या तरतुदी अधिक कडक करण्याकडे विधानसभेचा कल राहिला आहे. म्हणजे नाव ही येथे केवळ कौटुंबिक हौस उरलेली नाही, ती प्रादेशिक अस्मितेची सीमारेषाही झाली आहे.

यादीतले अर्थ

अशा वेळी पालक नाव शोधतात कोठे? बहुतेकांचे उत्तर एकच असते : महाजालावरील याद्या. अक्षर निवडा, नाव मिळवा, शेजारी अर्थही मिळवा. सोय मोठी आहे, अडचण त्या अर्थांची आहे. 'रेयांश' हे नाव घ्या. 'विष्णूचा अंश' असा अर्थ बिनदिक्कत दिलेला आढळतो. परंतु 'रेय' असा विष्णूवाचक शब्द संस्कृतात नाही. शेवटी 'अंश' जोडला की नाव संस्कृत होते, अशी ही टाकसाळ आहे. 'मायरा' हे नाव सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितांतील नायिकेसाठी वापरले आणि तेथून ते रूढ झाले. 'कियारा'चे इटालियन रूप उजळ, स्वच्छ या अर्थाचे आहे; आयरिश भाषेतील तसेच ऐकू येणारे नाव मात्र काळ्या रंगाच्या शब्दावरून आले आहे. यादीत यांतले काही नसते. असतात ती गोड, कोणालाही लागू पडतील अशी विशेषणे.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. परकीय नाव ठेवणे हा दोष नाही. मराठीने बाहेरची नावे घेऊन ती इतकी आपली केली की आज त्यांचे मूळ सांगावे लागते. शहाजी आणि शरीफजी ही भोसले घराण्यातील नावे अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपाप्रसादावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. हैबतराव, दौलतराव, सर्जेराव, फिरंगोजी या नावांतले पहिले पद फारसी-अरबी वळणाचे आहे आणि प्रत्यय अस्सल मराठी. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांचे नाव ऐकून कोणाला ते परके वाटत नाही. उसने घेतलेले नाव घेणाऱ्याला ठाऊक होते, कोणाकडून आणि का घेतले हेही ठाऊक होते. आजच्या यादीत नेमके तेच हरवते. मुलाने उद्या 'माझ्या नावाचा अर्थ काय' असे विचारले, तर आई-वडिलांपाशी एका संकेतस्थळाने रचलेले उत्तर असते. घराकडे त्या नावाची गोष्टच नसते.

प्राचीनांनी या बाबतीत किती बारकाईने विचार केला होता हे पाहण्यासारखे आहे. गृह्यसूत्रे मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोषवर्ण आणि मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, असे सांगतात. मुलीचे नाव विषम अक्षरसंख्येचे आणि आकारान्त. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण शिकण्याची प्रयोजने मोजली, त्यांत पुत्राला नीट नाव देता यावे हेही एक प्रयोजन आहे आणि नाव तीन पिढ्यांच्या पूर्वजांना अनुसरावे असा संकेतही त्याने नोंदवला आहे. त्याच्या लेखी नामकरण हे भाषेचे ज्ञान असणाऱ्याचे काम होते. अर्थ माहीत नसलेला ध्वनी त्याने चालवून घेतला नसता.

पण त्याच परंपरेने दिलेले सगळेच नियम समाजाने पाळले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असे मनुस्मृती सांगते. मराठी माणसाने हा आदेश कधी मनावर घेतला नाही. रोहिणी, रेवती, तुळसा, गोदावरी, कृष्णा, यमुना अशा लेकींनी आपली घरे भरली. शास्त्रापेक्षा जिव्हाळा मोठा ठरला. वारसा जसाच्या तसा उचलायचा नसतो, त्यातून निवडायचे असते, हा धडा आपल्या आज्यांनी ग्रंथ न वाचताच घालून दिला आहे.

निवडण्याची गरज किती, हे साताऱ्याने दाखवले. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचे नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवण्याची चाल त्या भागात होती. २०११ साली जिल्हा प्रशासनाने समारंभ घडवून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरोबा ही नावे ठेवण्यामागे निदान बाळ जगावे ही आस होती. 'नकोशी'मागे तीही नव्हती. ही नावेसुद्धा आपल्या संस्कृतीतूनच आली. तेव्हा 'संस्कृतीतून नाव शोधा' असे सांगणाऱ्याने कोणत्या संस्कृतीतून, हे सांगण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

गोमंतकाचे भांडार

गोव्याच्या पालकाला नाव शोधायला फार दूर जावे लागत नाही. मंगेश, नागेश, दामोदर, रामनाथ, चंद्रकांत, महालसा, कामाक्षी, शांता ही नावे आज चार शाळांच्या हजेरीपटांत शोधून पाहिली तर आजोबांच्या पिढीइतकी सापडायची नाहीत. ही निव्वळ देवांची नावे नाहीत. सोळाव्या शतकात देवालये पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची महालसा आणि लोटलीचा रामनाथ नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. त्या देवांमागून माणसे आली आणि मुलांना तीच नावे देत राहिली. ज्या घरात पाच पिढ्यांत एक 'मंगेश' आहे, त्या घराच्या नावातच स्थलांतराची नोंद आहे. शांतादुर्गेची तर कथाच अशी की शिव आणि विष्णू यांच्या संघर्षात मध्ये उभी राहून तिने शांती घडवली. मुलीला देण्यासारखा याहून अर्थपूर्ण आशय कोणती यादी पुरवील?

देवनावांपलीकडेही बरेच आहे. अबोली, सुरंगी, मोगरी, जाई, शेवंती ही आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर विकली जाणारी फुले. त्यांतली अबोली आणि जाई नाव म्हणून रूढ आहेत. मांडवी हे नदीचे नाव, तसेच रामायणात भरताच्या पत्नीचेही. वरच्या अंगाला तीच नदी म्हादई म्हणून वाहते आणि बेळगाव जिल्ह्यात उगम पावते. जुवारीचे जुने नाव अघनाशिनी, म्हणजे पाप धुणारी. इतिहासात डोकावले तर कदंबांचे जयकेशी भेटतात आणि कमलादेवी भेटते. गोव्याच्या या राणीने बाराव्या शतकात उभारलेले कमलनारायणाचे देऊळ आज बेळगाव जिल्ह्यातील देगाव येथे उभे आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी घरांना सारख्याच हक्काने घेता येईल असे हे नाव.

संगीताकडे वळावे तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकर ही नावे समोर येतात. केसरबाईंचा आवाज १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सूर्यमालेपलीकडच्या प्रवासाला निघाला. 'केसर' हे नाव त्यामुळे जुने म्हणायचे की सर्वांत पुढे गेलेले म्हणायचे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि गोव्याच्या वारशात ख्रिस्ती नावेही आहेत. धर्मांतराबरोबर येथील कुटुंबांना पोर्तुगीज नावे-आडनावे मिळाली. पुढे चारशे वर्षांत ती या मातीचीच झाली. चर्चच्या १९१७ च्या संहितेनुसार बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नावच दिले जावे याची काळजी पाद्रीने घ्यायची होती. १९८३ च्या संहितेने ती अट सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसले म्हणजे पुरे. अनेक ख्रिस्ती घरांत आज भारतीय नाव आणि संताचे नाव शेजारी शेजारी नांदतात. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत तर हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत होती. धर्म वेगळे, पण पूर्वजाला पुन्हा हाक मारण्याची ओढ एकच.

अक्षरांची अडचण

नाव ठरल्यानंतरचा प्रश्न त्याच्या लेखनाचा. गोव्यातील जुन्या दप्तरांत नाईक 'क्यू'च्या वळणाने आणि शेट 'एक्स'ने लिहिलेले आढळतात, कारण पोर्तुगीज लेखनाला 'के' आणि 'डब्ल्यू' नको होते. मुक्तीनंतर तीच घराणी इंग्रजी वळणाने लिहू लागली. आजोबांचा दाखला एका लेखनाचा, वडिलांचा दुसऱ्या, आणि वारसाहक्काच्या वेळी दोघे एकाच घराण्यातले हे सिद्ध करताना नातवाची दमछाक.

नव्या दाखल्यांत ही चूक पुन्हा करू नये. ज्ञानेश्वराचे रोमन लेखन तीन प्रकारे होते. ज्या दिवशी दाखला भरला जातो त्या दिवशी त्यांतला एक कायमचा ठरतो. 'ळ' हे अक्षर तर रोमन लिपीत उतरतच नाही. कन्नड आणि गुजरातीत 'ळ' आहे, म्हणून बेळगावच्या आणि बडोद्याच्या मराठी माणसाचे नाव शासकीय लिपीत निदान शाबूत राहते. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी कागदावर मात्र त्याचा 'ल' होतो आणि दोन पिढ्यांत उच्चारही बदलतो. नाव निवडताना त्याचे देवनागरी आणि रोमन असे दोन्ही लेखन घरात बसून, कागदावर लिहून, एकमताने ठरवणे हे बारशाच्या तयारीतले एक आवश्यक काम मानले पाहिजे.

घाई करण्याचेही कारण नाही. कायद्याने जन्माची नोंद नावाविनाही होऊ शकते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव चढवता येते. पंधरा वर्षांची मुभा असली तरी ती पूर्ण वापरणे शहाणपणाचे नाही. विभक्त झालेल्या आई-वडिलांचे नावावर एकमत होईना आणि नाव नसलेला दाखला शाळा स्वीकारीना, म्हणून २०२३ साली केरळ उच्च न्यायालयाला एका मुलीचे नाव स्वतः ठरवावे लागले. न्यायालयाने ते काम मुलीच्या हिताकडे पाहून केले. पण ज्या घरात आत्या नाव सांगायची, तेथे न्यायमूर्तींना ते सांगावे लागावे, हे दुःखदच.

काही देशांनी हा प्रश्न शासनाकडे सोपवला आहे. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. यादीबाहेरचे नाव तेथील व्याकरणात बसते की नाही हे ती ठरवते. ज्या पोर्तुगालने आपली दप्तरे लिहिली, तेथेही नावे मान्य-अमान्य करण्याची सरकारी व्यवस्था आहे. आपल्याकडे तसे काही नाही, आणि नसावेच. ज्या समाजात एका गावात चार भाषा आणि तीन धर्म नांदतात, तेथे नावांची सरकारी यादी म्हणजे नव्या भांडणांचीच यादी ठरेल. मात्र शासनाचे बंधन नाही, म्हणजे घराची जबाबदारी अधिक.

ती पार पाडायला विद्वत्ता लागत नाही. संकेतस्थळ उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि त्याला त्याच्या आजी-आजोबांची, पणजी-पणजोबांची नावे विचारावीत. बहुतेक घरांत तिसऱ्या पिढीपाशी स्त्रियांची नावे आठवेनाशी होतात. पुरुषांची वंशावळ मिळते, पण ज्यांनी पाळणे हलवले त्यांची नावे कोठेच लिहिलेली नसतात. ती निदान त्या निमित्ताने लिहून ठेवली जातील. त्यांतले एखादे नाव बाळाला शोभेलही. न शोभले, तर नवे नाव जरूर घ्यावे. फक्त ते कोठून आले आणि आपण ते का निवडले, हे मुलाला खरे सांगता आले पाहिजे.

दाखल्यावर नाव चढवायला एक ओळ पुरते. पुढे मूल मोठे होऊन घराण्याचे नाव काढील की नाही, हे त्याच्या कर्तृत्वावर. तूर्त आपल्या हातात एवढेच आहे की त्याला मिळालेल्या नावामागे एखादे माणूस, एखादे गाव, एखादी नदी उभी असावी, आणि त्याने विचारले तर आपल्याला ती दाखवता यावी.